तुम्ही विचारलंत म्हणून: डिव्हिलियर्स फ्रेंच कसे?

मी केप टाउनला राहून आलोय हे कळलं, की क्रिकेटवेडी मंडळी हमखास विचारतात, "एबी डिव्हिलियर्सची भाषा आफ्रिकान्स, मग आडनाव फ्रेंच कसं?"

1685 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. ह्यूगेनॉट म्हणवणारी ही माणसं देशोधडीला लागली. बरीच जण हॉलंडला पोचली. त्यांत ला रोशेलच्या बाजूचे तीन भाऊ होते, पिएर, आब्राहाम आणि जाक द व्हिलिये. डच ईस्ट इंडिया कंपनीला केपमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या आपल्या वसाहतीत, द्राक्षमळे वाढवायचे होते, आणि या भावांना त्यातलं चांगलं कळतं असं कंपनीच्या शिफारसपत्रातच लिहिलेलं होतं. 1689 मध्ये ते केपला उतरले. पुढे फ्रान्सहुकच्या खोऱ्यात त्यांनी मळे उभे केले आणि त्यांना शाम्पान्य, बुर्गोन्य, ला ब्री अशी मायदेशातली नावं दिली. आजचे बहुतेक डिव्हिलियर्स या भावांचेच वंशज.

व्हिलिये हे फ्रान्समधल्या कितीतरी गावांचं नाव, मूळ अर्थ वाडी-वस्ती. म्हणजे 'द व्हिलिये' हे आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखंच, गावावरून पडलेलं.

भाषा मात्र टिकली नाही. कंपनीने फ्रेंच कुटुंबांना डच शेजाऱ्यांच्या मधेमधे जमिनी दिल्या, शाळेत डच आणलं. दोनेक पिढ्यांत घरातलं फ्रेंच संपलं. नातवंडांना आजीची भाषा कळेनाशी होणं म्हणजे काय, याचा विचार मनात आला की मला आजही गलबलतं. आडनाव राहिलं, तेही नव्या जिभेवर बसून. डचमधूनच घडलेल्या आफ्रिकान्समध्ये 'व्ह'चा 'फ' होतो, आणि या नावातले शेवटचे 'र' आणि 'स' फ्रेंचसारखेच गळतात. तिथे 'डिव्हिलियर्स' म्हटलं तर तुम्ही परके. घरचा उच्चार साधारण 'डफल्ये'.

पार्ल, स्टेलनबॉश हा भाग अजूनही या नावाचं माहेर. 1830 च्या दशकात इंग्रजी अंमलाला कंटाळून बोअर, म्हणजे तिथले डच बोलणारे गोरे शेतकरी, बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघाले, तेव्हा अशी केपची आडनावं त्यांच्याबरोबर आत देशभर गेली.

पण एवढंच सांगून थांबणं मला पटत नाही. हे मळे गुलामांच्या कष्टांवर उभे राहिले. केपमधल्या कितीतरी मिश्रवंशीय घरांतही आज ह्यूगेनॉट आडनावं आहेत, आणि ती त्यांचीही तितकीच आहेत. 2008 साली दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाला पहिला गौरेतर प्रशिक्षक मिळाला. तो पार्लचा, आणि त्याचं नाव पीटर डिव्हिलियर्स.