मावशींची लाँड्री कुठल्या उद्योगात मोडते?

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी अकरा वर्षं काढली. केसपेपर लावायचे, डिस्चार्ज कार्डावरच्या निदानाला कोड द्यायचा. आता रुग्णालय व्यवस्थापन शिकतेय. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, आरोग्यसेवा उद्योगात काय काय येतं?

मी लिहिलं: दवाखाने, रुग्णालयं, लॅब, औषध कंपन्या. शेवटचं खोडावं लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत औषधनिर्मिती कारखानदारीत आहे, विभाग २१. रुग्णालयं, दवाखाने, लॅब ८६ मध्ये.

मी अडले ती लाँड्रीपाशी. रुग्णालयाची स्वतःची धुलाई असेल, तर तिथल्या मावशी आरोग्यसेवेत मोजल्या जातात. तेच काम कंत्राटदाराकडे गेलं की त्या ९६ मध्ये, कपडे धुण्याच्या धंद्यात. चादर तीच, तिच्यावरचं रक्त तेच, संसर्ग न पसरू देण्याची काळजीही तीच. हिशेबाला रेघ कुठेतरी मारावी लागते, हे कळतं. तरी मावशी रेघेपलीकडे गेलेल्या मला पटत नाहीत.

आणि आई? बाबांच्या पायाची जखम तिने सात महिने रोज स्वच्छ केली, ड्रेसिंग केलं. ती कुठल्याच विभागात नाही. घरच्या माणसाने बिनपगारी केलेली शुश्रूषा राष्ट्रीय उत्पन्नात धरतच नाहीत.

अभ्यासशाखा म्हणून मात्र आरोग्यसेवा हा विषय रेघेबाहेर बघतो, म्हणून मला तो जवळचा वाटू लागलाय. डॉक्टर आणि संशोधक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या आकडेवारीवरून अंदाज मांडला: हजार प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही आजार किंवा इजा होते, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात भरती होतात. नऊ! अकरा वर्षं मी त्या नऊंचेच कागद लावत होते.

आरोग्यसेवेचे अभ्यासक अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये सेवेची गुणवत्ता तपासायला रचना (माणसं, साधनं), प्रक्रिया (उपचार कसे झाले) आणि परिणाम (रुग्णाचं पुढे काय झालं) अशा तीन बाजू सांगितल्या. पहिल्या दोन आमच्या कपाटात सापडायच्या. परिणामाचं काय? बाबांच्या केसपेपरवर शेवटची ओळ आहे, ‘प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले.’ जखम भरली ती त्यानंतर, आईच्या हाताखाली, आणि रेकॉर्डला त्याचा पत्ताच नाही.

प्रकल्पासाठी मी हाच विषय मागितलाय: घरी सोडल्यावर ड्रेसिंग कोण करतं, त्यांना कोणी शिकवलं, आणि त्यात दिवसाचा किती वेळ जातो. प्रश्नावलीचा पहिला मसुदा आईनेच वाचला. तिने एक प्रश्न वाढवला: ‘रात्री झोप लागते का?’