रोज एक ओळ मोडी

वाईत माझं मेडिकल आहे. सकाळी दवाखाने सुटेपर्यंत आणि संध्याकाळी सात ते नऊ मान वर करायला फुरसत नसते. दुपारी दोन ते चार मात्र पेठेत चिटपाखरू नसतं. त्या वेळात मी जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकलो. म्हणजे घरच्या ट्रंकेतले कागद अडखळत का होईना, पण दुसऱ्याला न विचारता वाचता येतील इतपत.

निमित्त 2023 सालचं. मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. घरोघरच्या माळ्यांवरून पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या, तशी आमचीही उतरली. आमच्या आईला नोंदीबिंदीत रस नव्हता. तिला एकच जाणून घ्यायचं होतं, खालच्या शेतातल्या विहिरीत आपला हिस्सा कागदावर आहे की नाही. गावात मोडी येणारे एक गुरुजी होते, पण त्यांच्या ओट्यावर रोज दहा माणसं पिशव्या घेऊन बसलेली. म्हटलं, आपणच शिकू.

‘मोडी शिकायची’ असं मी कुठेही लिहून ठेवलं नाही. असल्या संकल्पाला शेंडा ना बुडखा. आज आली, असं कोणत्या दिवशी म्हणायचं? त्याऐवजी पेटीतला एक कागद निवडला. स्टॅम्पाचा, एकाच पानाचा, वाळवी न लागलेला. हा वाचायचा, बस्स. बाकीची थप्पी परत पेटीत गेली आणि पेटी माळ्यावर.

रोजचं काम किती, हे मात्र बराच विचार करून ठरवलं. आमच्या धंद्यात जुलै ते ऑक्टोबर हा कसोटीचा काळ. डेंग्यू, मलेरिया, व्हायरल. साथ आली की दुपारही आपली राहत नाही. तेव्हा रिकाम्या दुपारी किती जमेल हा हिशोब मी केलाच नाही. साथीतल्या मंगळवारी, नोकर रजेवर असताना किती जमेल तेवढंच धरलं. ते निघालं एक ओळ. एका अक्षराची बाराखडी एका ओळीत बसते, हे सोयीचं पडलं. जास्त वेळ मिळाला तर जास्त लिहायला बंदी नव्हती, पण हिशोबात धरायची ती एकच ओळ. आणि एखादा दिवस बुडालाच, तर दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहून भरपाई करायची नाही. हा नियम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. बाकी चुकलं असतं तरी चाललं असतं.

मोडीत आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला खालून लावत जायची. देवनागरीत वाढलेल्या हाताला हे उलटं वाटतं. बोरू हौसेने आणला होता. गल्ल्यावर बसून तो चालवला तेव्हा बिलबुकावर शाई सांडली. मग जेल पेन आणि होलसेलरच्या जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजू. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत, याचा मला अवाजवी आनंद झाला. शाळेत मराठीच्या बाईंनी याच कारणासाठी माझे किती मार्क कापले असतील!

दिवाळीच्या आसपास बाराखड्या संपल्या. आता कागद भराभर वाचता येईल म्हणून झेरॉक्स पुढे घेतली, तर डोक्यावरून गेली. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, लिहिणारा हात न उचलता पळत सुटलेला. ‘र’ शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो. त्यात मु॥, ता॥, रा॥ रा॥ अशी दोन काठ्या मारून केलेली संक्षिप्त रूपं. मुळाक्षरं पाठ झालेली बरीच माणसं इथे वही मिटतात, असं गुरुजी म्हणाले. मला त्यात नवल वाटत नाही. तोवर रोज काहीतरी नवं हाती लागत असतं आणि इथे आल्यावर आठवडेच्या आठवडे काहीच लागत नाही.

मला इथे दुकानानं तारलं. ‘डॉक्टरांचं अक्षर वाचता, तुम्हाला मोडी काय अवघड,’ अशी थट्टा गिऱ्हाइकं करायची. थट्टेत तथ्य होतं. चिठ्ठीवरचं अक्षर आम्ही लावून वाचतच नाही. डॉक्टर कोण, पेशंटचं वय काय, कपाटात काय आहे, यावरून औषध आधीच माहीत असतं. अक्षर फक्त खात्री करायला. जुन्या दस्तांचीही ठरलेली भाषा असते. ‘कारणे लिहून देतो ऐसा जे’, ‘सदरहू’, ‘दर शेकडा’, ‘साक्ष’. पत्र असेल तर ‘विनंती उपरी’ आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. मग ओळ एकच ठेवली, पण काम बदललं. रोज एक ठराविक शब्दसमूह घ्यायचा, तो पाच-सहा वेळा गिरवायचा आणि झेरॉक्सवर कुठे सापडतो का बघायचं. सापडला की खाली पेन्सिलीने रेघ.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच पानाची कोरी झेरॉक्स काढून पहिल्यापासून वाचायला बसायचो. जुन्या झेरॉक्स फाइलला लावलेल्या. पहिल्या पानावर तीन रेघा, पुढच्यावर सात-आठ, मग अर्धं पान पेन्सिलीने भरलेलं. सवयी मोजणारं एक अॅप मुलीने माझ्या फोनमध्ये टाकून दिलं होतं, रोज हिरवा चौकोन उमटायचा. मी ते काढून टाकलं. सलग किती दिवस बसलो हे कळून पणजोबांचा कागद थोडाच वाचता येतो? शिवाय ती साखळी तुटू नये म्हणून रात्री साडेअकराला डोळे चोळत कशीतरी ओळ खरडायची, याला मी शिकणं म्हणत नाही. या बाबतीत मुलीचं आणि माझं अजून पटत नाही. ती त्याच अॅपवर जर्मन शिकते आहे आणि चांगली शिकते आहे, हेही सांगायला हवं.

कागद शेवटी लागला. निघाला कर्जरोखा, सन 1911 इसवीचा. बैलजोडीसाठी साठ रुपये, दरमहा दर शेकडा एक रुपया व्याज, हळद विकून फेडीन असा करार. खाली पणजोबांची सही नाही; त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या जागी ‘निशाणी नांगर’ असं दुसऱ्याच्या हातचं, आणि शेजारी खरोखरच छोटासा नांगर काढलेला. शेतकऱ्याची निशाणी नांगर, हा त्या काळचा रिवाज. मी तो आईला मोठ्यांदा वाचून दाखवला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे विहिरीचं नाहीच त्यात?”

नव्हतं. पेटीतल्या बाकीच्या कागदांतही ते असेल असं आता वाटत नाही. हिश्श्याची नोंद फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल नोंदतात तिथे, सापडण्याची शक्यता जास्त, आणि त्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकून नकला मागवायला हव्यात. तो अर्ज गेल्या आठवड्यात दिला.

उत्तर येईपर्यंत पेटीतला सगळ्यात जुना कागद काढलाय. त्यावर इसवी सन नाही, मराठेशाहीच्या दफ्तरात चालणारा शुहूर सन आहे, तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत आणि एकंपासून वर चढत जाणारं. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार. पानिपत झालं ते साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे 1161. हे साल मृगाला बदलतं, म्हणून जून ते डिसेंबर असेल तर 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे 600. पानिपत जानेवारीतलं, म्हणून 1761. हे एकदा बसलं की सोपं आहे. माझ्या कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ आहे, 1173. म्हणजे माधवराव पेशवे गेले तेच साल. महिना अजून लागलेला नाही. तिथे नेमकी घडी पडून शाई उडाली आहे. सध्या रोजच्या ओळीत मुसलमानी महिन्यांची नावं गिरवतो आहे, मोहरमपासून. बारा नावं आहेत, त्यातली घडीच्या दोन्ही बाजूंना जुळणारी दोन-तीनच निघावीत असा अंदाज.

दुकानात येणारे आता आपापले कागदही घेऊन येतात. बघतो, पैसे घेत नाही. फक्त दोन ते चारमध्ये या, आणि मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा.