श्रीपादच्या वाटेवरची आजी

पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि माझ्या मांड्या थरथर कापत होत्या. दर रविवारी सिंहगड चढते, कळसूबाईही दोनदा झालंय, त्यामुळे श्रीलंकेतलं श्रीपाद शिखर जमेल याची खात्री होती. पण सिंहगडाची वाट मातीची, पाय हवा तिथे टाकता येतो. इथे पायथ्याच्या नल्लतन्निया गावाच्या बाजूने जवळजवळ साडेपाच हजार पायऱ्या! कुठली वीतभर, कुठली थेट गुडघ्याएवढी. 2243 मीटरच्या माथ्याजवळ तर कठड्याला धरून अंग वर ओढावं लागतं.

कोलंबो आणि कँडीचे चार दिवस मजेत गेले, एवढंच सांगते. हॅटनपर्यंत रेल्वेत बसायलाही जागा नव्हती, उभ्यानेच चहाचे मळे पाहिले.

यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत असते, तेव्हा वाटेवर रात्रभर दिवे लागतात. पौर्णिमेला मात्र जाऊ नका, फार गर्दी असते, असं सगळ्यांनी बजावलं होतं. आम्ही नेमके फेब्रुवारीतल्या पौर्णिमेलाच गेलो आणि मी तर म्हणेन, पौर्णिमेलाच जा. रविवारी सिंहगडावर कुणाच्या तरी पाठपिशवीत स्पीकर ठणाणत असतो, त्याचा मला मनापासून राग येतो. इथे हजारो माणसं होती, पण कानावर पडत होती ती फक्त प्रार्थना आणि येता-जाता एकमेकांना म्हटलेलं 'करुणावय', करुणेचं अभिवादन.

वाटेवरच्या इंदिकटुपाना या थांब्यापाशी आम्ही टेकलो. बुद्धांनी इथे आपलं चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, शिवलं अशी श्रद्धा आहे, म्हणून यात्रेकरू इथून सुईदोरा सोडत वर जातात. दोन्ही बाजूंच्या झुडपांवर पांढऱ्या धाग्यांचं जाळं झालं होतं, त्यावर दवाचे थेंब. माझ्या शेजारी पांढऱ्या साडीतली एक आजी बसली होती, अनवाणी. तिने रिळाचं टोक झुडपाला बांधलं, माझ्याकडे पाहिलं आणि रीळ माझ्या मुठीत ठेवलं. भाषा एकही समान नाही. तिचा एक हात नातवाच्या खांद्यावर, दुसरा माझ्या मनगटावर. अशी आम्ही धागा सोडत चढलो. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी ती थांबायची. खरं तर त्या थांबण्यानेच मला वर नेलं.

पुढे भस्म लावलेलं एक तमिळ कुटुंब होतं. माथ्यावरचा ठसा त्यांच्यासाठी शिवाच्या पावलाचा, आजीसाठी बुद्धांच्या. मुसलमान तो आदमचा मानतात. रांग मात्र सगळ्यांची एकच.

सूर्य उगवला, डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेच्या धुक्यावर पडली आणि सगळे मोबाइल तिकडे वळले. मी आजीकडे बघत होते. वरची घंटा जितक्यांदा चढून आलात तितक्यांदा वाजवायची. तिने दोरी धरली. मी मोजत गेले. अकरा. प्रत्येक टोल पूर्ण विरेपर्यंत ती थांबत होती, आणि मागची रांग काही न बोलता उभी होती.

मग तिने दोरी माझ्या हातात दिली आणि एक बोट वर केलं.

मी एकदा वाजवली.