नीलवंताची नोंद : बुरशी नव्हतीच

या पावसाळ्यात मी परड्यातल्या पपनसावर नीलवंत फुलपाखराच्या अळ्या वाढवतेय, आणि प्रत्येकीला क्रमांक दिलाय. त्यांतले काही कोष मेले, ते बुरशीनं असं मी लिहिलं होतं. बुरशीवर केलेले ते सगळे आरोप मी मागे घेते.

कोष क्र. ४, ५ आणि ७ काळवंडले तेव्हा मागच्या नोंदीत मी पावसाला, ओल्या भिंतीला आणि पिंजऱ्यात हवा खेळत नाही याला बोल लावला होता. तुमच्यापैकी दोघातिघांनी 'मेलेले कोष टाकू नका, बरणीत ठेवा' असं कळवलं होतं, पण तोवर ते टाकून झाले होते. कुठे टाकले ते जरा पुढे सांगते, त्यासाठी धीर गोळा करावा लागणार आहे.

क्र. ९ मात्र ठेवला. १४ ऑगस्टला पिंजऱ्याच्या वेताच्या कडेला झालेला, तपकिरी. माझ्याकडे पावसाळ्यात कोषातून फुलपाखरू तेराचौदा दिवसांत बाहेर येतं. इथे सोळा दिवस उलटले तरी काही नाही. बोटाचा हलका स्पर्श झाला की निरोगी कोष पोट झटकतो, हा लाकडाच्या ढलपीसारखा पडून. बाहेर यायच्या आदल्या रात्री पंखांच्या जागी काळं-निळं दिसायला लागतं, त्याचाही पत्ता नाही. सगळा एकसारखा वाळल्या गवताच्या रंगाचा. चवथ तोंडावर आलेली, घर पाहुण्यांनी भरणार, म्हणून मी तो काचेच्या बरणीत घातला, तोंडाला मलमल बांधली आणि विसरून गेले.

४ सप्टेंबरला सकाळी बघते तर बरणीच्या आतून कुणीतरी तीळ उधळलेले. आणि तीळ चालतायत.

दहापट भिंगाखाली धरलं तेव्हा हिरवट धातूसारखी चकाकी दिसली. जेमतेम अडीच मिलिमीटरच्या गांधीलमाश्या. कोषाच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं एक गोल भोक, कडा अगदी सफाईदार. त्या एकाच दारातून सगळ्या रांगेनं बाहेर आल्या असाव्यात. मोजल्या, ११२ भरल्या. कोष कापून पाहिला तर आत काही उरलं नव्हतं, नुसती कोरडी टरफलं आणि भुसा. गांधीलमाश्या ओळखणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवले, त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं : प्टेरोमॅलिड.

प्टेरोमॅलिड हा कोषात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांचा गट, तो ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टॅकिनिड या परजीवी माशीचा त्रास आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिच्या अळ्या कोषातून बाहेर पडतात, दोरासारखा धागा लोंबतो आणि खाली तपकिरी गोळ्या सापडतात. मी तेच शोधत बसले होते, आणि धागा नाही म्हणजे परजीवी नाही असा निष्कर्ष काढून मोकळी झाले होते. ही मंडळी वेगळी. यांतली प्टेरोमॅलस पुपारम ही जात पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या आणि स्वॅलोटेलांच्या (नीलवंत याच कुळातला) कोषांवर जगते, तिच्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. अळीत तिला रस नसतो. तिला हवा असतो ताजा कोष, कातडी टाकल्यानंतरचा, कवच अजून मऊ असतानाचा. एकदा कवच कडक झालं की तिची अंडी घालायची नळी आत जात नाही. म्हणून ती आधीच येऊन अळीजवळ बसते आणि वाट बघते.

हे वाचल्यावर मला माझाच राग आला. मी पिंजऱ्याला लावली होती ती साधी मच्छरदाणीची जाळी. डास अडतो, पण ही अंगानं इतकी बारीक की सरळ चालत आत जाते. पिंजरा तयार आणला होता. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण 'फुलपाखरांसाठी खास' असं छापून जाळी मच्छरदाणीची आणि चेनच्या दोन्ही टोकांना करंगळी जाईल एवढी फट, याला काय म्हणावं? त्या चेनलाच क्र. ८ नं रेशमाची गादी लावली होती आणि मी पिंजरा उघडताना तो खाली पडला. त्याचं पुढे चांगलं झालं. वर्तमानपत्राची शेंगदाण्याच्या पुडीसारखी पुडी केली, कोष त्यात डोकं वर करून ठेवला, बाहेर आल्यावर त्याला कागद धरून चढता आलं. पंख नीट सुकले. सतरा रुपयांचा हुक आणि गोंद लावण्यापेक्षा पुडी बरी.

आता ते धीराचं. क्र. ४, ५, ७ मी परड्यातल्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकले होते. खड्डा पपनसाच्या खोडापासून चार पावलांवर आहे. म्हणजे ज्या झाडावर माझ्या सगळ्या अळ्या वाढतायत त्याच्या बुडाशी मी स्वतःच्या हातानं गांधीलमाश्यांची पेवं पुरली. प्रत्येकी शंभर धरल्या तर हिशेब तुम्हीच करा. सासूबाईंना हे सांगितलं, त्यांना हसू आवरेना. त्यांच्या लेखी त्या झाडाला पहिला धोका माझ्या अळ्यांचा आहे, आणि त्यांचं काही अगदीच चुकीचं नाही. या वर्षी गणपतीवरच्या माटवीला टांगायचं पपनस काढायला गेल्या तर फांदीला माझी जाळी, जाळीत पाचव्या अवस्थेतली अळी. फळ मिळालं, अळीसकट फांदीही वाचली, बोलणी मात्र खावी लागली. २०१५ साली नीलवंत महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं खरं, पण लोकांच्या डोळ्यांसमोर येतात ते फक्त निळे पंख. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती लहानपणची अळी राज्याची आहे हे कुणाला पटवून द्यायचं?

क्र. १० च्या वेळी ठरवलं, या वेळी प्रत्यक्ष बघायचं. ९ सप्टेंबरला दुपारी अळीनं ती ओळखीची ओली, सैल विष्ठा टाकली, खाणं सोडलं आणि भटकायला लागली. संध्याकाळपर्यंत वेताच्या काडीवर शेपटाकडची गादी विणली, कमरेभोवती धागा घेतला आणि आखडून बसली. तीच जुनी जाळी, मुद्दाम बदलली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला टॉर्च मारला तर पाठीवर, तिसऱ्या-चौथ्या खंडाच्या मधोमध, एक तीळ. हालत नव्हती. शृंगिका तेवढ्या मधूनमधून खालीवर करत कातडीवर टकटक चाललेली.

वीज साडेअकराला गेली. पुढचं सगळं मोबाइलच्या उजेडात. १ वाजून २० मिनिटांनी डोक्यामागे कातडी उकलली आणि पायमोजा उतरवावा तशी मागे सरकत गेली. कातडी माशीच्या पायाखालून जात होती, आणि ती बया एकेक पाऊल पुढे टाकत ताज्या, ओल्या, हिरवट-पिवळ्या कोषावर उतरली. शेवटी कोष दोन-तीनदा जोरात गरकला, जुनी कातडी खाली पडली, पण माशी पडली नाही. मी रंगाचा शून्य नंबरचा ब्रश हातात धरून बसले होते. तिनं पोट वाकवायला सुरुवात केली आणि मी ब्रश लावला. उडाली, मिनिटभरात परत आली. पुन्हा ब्रश, पुन्हा परत. तिसऱ्यांदा औषधाच्या कुपीत धरली. मग कोषाभोवती जुन्या ओढणीचा तलम तुकडा गुंडाळला आणि झोपायला गेले.

त्या पहिल्या वाकण्यात नळी टेकली होती की नाही, या एका प्रश्नावर पुढचे चौदा दिवस गेले. रोज बोट लावायचं, झटकला की हुश्श करायचं. २४ ला संध्याकाळी पंखांच्या जागी काळं चढलं. काल, २५ ला, सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी कोष फुटला.

नर आहे. चुरगळलेल्या रेशमी रुमालासारखे पंख, अंग पंखांपेक्षा मोठं, सोंडेचे दोन अर्धे अजून सुटे, ते गुंडाळत-उलगडत जोडायची खटपट चाललेली. वीसेक मिनिटांत मागच्या पंखांवरचा निळा पट्टा सपाट झाला आणि त्यावरचे काळे ठिपके सुटे दिसायला लागले. पंख मिटले की खालच्या बाजूला मुळाशी ते लाल डाग. तांबूस मेकोनियमचा, म्हणजे कोषात साठलेल्या मळाचा, थेंब माझ्या वहीवर पडला, या पानाला तो डाग राहू दे. पाऊस थांबेपर्यंत तसाच लटकून होता. सव्वाअकराला उन्हाची तिरीप आली, दोनदा पंख उघडले आणि माडांच्या शेंड्यांवरून गेला. खाली एकदाही वळून पाहिलं नाही.

जाळीबद्दल : ऑर्गंडीचं तलम कापड घ्या. शिंप्याकडे परकराच्या अस्तरातला तुकडा फुकटही मिळतो. फांदीवर पिशवीसारखी शिवून दोन्ही तोंडांना नाडी, चेन नको. पाणी निथळतं, हवाही पुरेशी खेळते. क्र. ११ अशा पिशवीत १३ सप्टेंबरला कोष झालाय, हिरवा, जिवंत पानाच्या देठाशेजारी.

आणि इथेच घोटाळा. माझा मूळ बेत कोषाचा रंग, तपकिरी की हिरवा, कशावरून ठरतो ते बघायचा होता : खरखरीत वेत विरुद्ध गुळगुळीत हिरवी फांदी. स्वॅलोटेलांमध्ये रंग ठरतो तो कातडी टाकायच्या आधी, अळी कुठे बसली त्यावरून, नंतर कोष हलवून उपयोग नसतो. आता वह्या काढून बघतेय तर मेलेले चारही कोष तपकिरी, आणि चारही पिंजऱ्यात वेतावर. म्हणजे माशीनं तपकिरी निवडले की फक्त पिंजऱ्यातले निवडले, हे माझ्या नोंदींतून सांगताच येत नाही. एवढा पावसाळा राबून दोन गोष्टी एकमेकींत गुंतवून ठेवल्या.

म्हणून पुढचा बेत असा, की सगळ्या अळ्यांना ऑर्गंडीत... नाही, थांबा. लिहिता लिहिताच सुचतंय. सगळ्यांना झाकलं तर माशीबद्दल काहीच कळणार नाही. अर्ध्या झाकायच्या, अर्ध्या झाडावर मोकळ्या, आणि दोन्हीकडे वेत आणि हिरवी फांदी असं वाटून. मोकळ्यांतला कोष गेला तर जाऊ दे, तोही बरणीत ठेवायचा, माश्या मोजायच्या, किती दिवसांनी बाहेर आल्या ते लिहायचं. क्र. ९ ला एकवीस दिवस लागले, एवढा एकच आकडा सध्या माझ्याकडे आहे. पपनसावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरंही अंडी घालतात, तेव्हा त्यांचे कोषही याच हिशेबात धरता येतील. कंपोस्टचा खड्डा अर्थातच हलवला.

एक छोटं सुख राहिलंच. गेल्या वर्षी लावलेलं माकडलिंबू नीलवंताला अखेर पसंत पडलं. (खरं माकडलिंबू. एका रोपवाटिकेनं त्या नावाखाली मला दोनदा कागदी लिंबू विकलं होतं. पानाच्या देठाला पंखासारखी कड दिसली की परत करा.) २० तारखेला मादी आली, पपनसाभोवती दोन घिरट्या घेतल्या, मग गुडघ्याएवढ्या त्या रोपावर उतरून पुढच्या पायांनी पान बडवत राहिली. पायांनीच चव घेते ती. कोवळ्या पालवीवर दोन अंडी. एक आज सकाळी फुटलं, पोरगी आपलंच टरफल खात होती. दुसरं काळं पडलंय, त्यातून काय निघतं ते बघायला कुपीत घातलंय.

क्र. १३ नं आज दुपारी पिशवीत कमरेचा धागा घेतला. ऑर्गंडीच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर तिच्या पाठीसमोर, एक तीळ येऊन बसलाय. शृंगिका कापडावर टकटक करतायत. मी आज जागणार नाही.