हेडफोन अॅम्प्लिफायर किती ताकदीचा हवा?

इंदूरमध्ये उस्ताद अमीर खाँसाहेबांचे गाणे ऐकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. मात्र वाडे गेले, त्यांच्या जागी फ्लॅट आले आणि रात्री झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल मोठ्या स्पीकरवर लावणे शेजारधर्मात बसेनासे झाले, तेव्हापासून आमच्या ओळखीतील बरीच मंडळी हेडफोनकडे वळली आहेत. त्यामुळे ‘अॅम्प्लिफायर कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझे उत्तर बहुतेकांना फारसे रुचत नाही, कारण हेडफोनच्या माहितीपत्रकातील दोन आकडे समोर आल्याशिवाय मी अॅम्प्लिफायरचे नाव काढत नाही.

पहिला आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे विद्युतप्रवाहाला हेडफोनच्या होणाऱ्या विरोधाचा, जो ओहममध्ये दिलेला असतो, आणि दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक संकेताला हेडफोन किती मोठा वाजतो याचा. दुसऱ्या आकड्यात एक मेख आहे. काही कंपन्या एक मिलिवॉटला किती डेसिबल हे सांगतात, तर काही एक व्होल्टला किती डेसिबल हे सांगतात, आणि या दोहोंची सरळ तुलना केली की सगळा हिशेब फसतो.

हिशेब करून पाहू. ख्यालात मंद्रातील आलाप आणि तारसप्तकातील तान यांच्या पातळीत मोठे अंतर असते, म्हणून क्षणिक शिखरासाठी ११० डेसिबल धरले तर पुष्कळ झाले. (सतत ऐकण्यासाठी हा आकडा मुळीच नाही, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे.) सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो, म्हणजे ११० साठी त्याला सुमारे सव्वादोन व्होल्ट आणि अवघे १७ मिलिवॉट लागतात. ऑडिओ-टेक्निकाच्या ३८ ओहमच्या एम५०एक्सला पाऊण व्होल्टही पुरतो. तो मोबाइलला हेडफोन जोडण्याच्या साध्या डोंगलवर सुखाने वाजतो आणि त्याच्यासाठी वेगळा अॅम्प्लिफायर घेण्याची गरजच नाही. याउलट हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन एका मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल देतो, त्यामुळे तीच पातळी गाठायला त्याला साडेचारशे मिलिवॉटच्या आसपास शक्ती लागते. जास्त ओहम म्हणजे चालवायला जड, ही दुकानातून हमखास ऐकू येणारी समजूत इथेच निकालात निघते, कारण एचई-६ केवळ ५० ओहमचा आहे.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘३२ ओहमला दोन वॉट’ पाहून भुलण्याचे म्हणूनच कारण नाही. आपल्या हेडफोनला लागते त्याहून थोडी अधिक शक्ती असली की तो विषय संपला, आणि त्यापुढे पाहायचे ते हळू आवाजात अॅम्प्लिफायर कसा वागतो हे. रात्री ऐकणाऱ्याला तर मी म्हणेन, हेच आधी पाहावे. व्हॉल्यूमच्या नेहमीच्या पोटेन्शिओमीटरमध्ये डाव्या-उजव्या कानासाठी एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात, आणि फिरण्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात त्या दोघींचे सहसा जुळत नाही. खाँसाहेबांचे एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावले की हा दोष लगेच पकडला जातो. मोनोमध्ये दोन्ही कानांत तंतोतंत एकच संकेत जात असल्याने गळा डोक्याच्या बरोबर मधोमध ऐकू आला पाहिजे. पण बटण आठ वाजल्याच्या जागी असताना मंद्र षड्ज डाव्या कानाकडे कलतो आणि नऊच्या पुढे नेले की हळूच मध्यावर येतो. माझ्या भाच्याने पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा तो म्हणाला, “मामा, हेडफोनची एक बाजू गेली वाटतं.” बटण नऊच्या पुढे नेले तेव्हा त्याच हेडफोनमध्ये आवाज मध्यावर आला, म्हणजे हेडफोन निर्दोष होता. यावर उपाय म्हणजे कमी गेनची (संकेत कमी पटीने वाढवण्याची) सोय असलेला अॅम्प्लिफायर घेणे, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी बटण बरेच पुढे न्यावे लागते आणि पट्ट्यांचा तो वाईट भाग मागे पडतो. रिलेच्या (विद्युत स्विचच्या) किंवा डिजिटल नियंत्रणाच्या व्हॉल्यूममध्ये ही तक्रार जवळजवळ उरत नाही.

गुणगुण हा दुसरा त्रास. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नावालाच असते, आणि संगणक, डॅक (डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) व अॅम्प्लिफायर एकमेकांना जोडले की ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या जोडण्यांचे बंद वर्तुळ, तयार होऊन ५०, १०० आणि १५० हर्ट्झचा घुमारा ऐकू येऊ लागतो. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे हा घुमारा नेमका तानपुऱ्याच्या अंगात मिसळतो आणि जोडी बेसूर लागली आहे की काय, असे वाटत राहते. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. घुमारा थांबला तर अॅम्प्लिफायर बदलण्याआधी वायरमनला बोलवावे, किंवा संगणकापासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल वापरावी. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतात, त्यांचे अजिबात ऐकू नये; ते जिवावर बेतू शकते.

आउटपुट इम्पीडन्सविषयी, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या इम्पीडन्सविषयी, थोडक्यात सांगतो. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा ढोबळ नियम पुरेसा आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये तो शंभर ओहमच्या वर जातो. एचडी ६५० चा स्वतःचा इम्पीडन्स शंभर हर्ट्झच्या आसपास बराच चढत असल्याने अशा अॅम्प्लिफायरवर त्याचा खर्ज सुमारे एका डेसिबलने उचलला जातो. ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातील काही वाटा अॅम्प्लिफायर आणि हेडफोन यांच्यात होणाऱ्या व्होल्टेजच्या या साध्या विभागणीचा आहे. ती ऊब आवडत असल्यास जरूर घ्यावी, मला स्वतःला तबल्याचा बायाँ त्यात किंचित सुजल्यासारखा वाटतो.

स्टुडिओचा हिशेब मात्र वेगळा आहे. गायकाच्या कानावरील आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून तिथे बंद पाठीचे हेडफोन लागतात, आणि दोन-तीन कलाकार एकाच वेळी ऐकणार असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम देणारा वितरण अॅम्प्लिफायर उपयोगी पडतो. भाचा घरीच एका खोलीत ध्वनिमुद्रण करतो. त्याच्याकडे बायरडायनॅमिकचा ८० ओहमचा डीटी ७७० प्रो आहे, ज्याला ११० डेसिबलसाठी दीड व्होल्टच्या आतच काम भागते, आणि तेवढे त्याचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन व हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण) सहज देतो. त्यामुळे त्याने वेगळा अॅम्प्लिफायर घेतलेलाच नाही. त्या पैशांत त्याने खिडकीला जाड पडदे लावले आणि दाराखालची फट बुजवून घेतली.