‘बंद’ दिसणारे, पण चालूच राहिलेले स्पीकर

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की स्पीकर चालू-बंद करण्याचे प्रकरण मिटले असून आता फक्त डॅशबोर्डची रंगरंगोटी उरली आहे. ते वाक्य मागे घेतो. मंगळवारी रात्री होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्पीकरचा स्मार्ट प्लग ‘बंद’ दिसत होता आणि त्याच प्लगचे वीजमापक १८ वॉट दाखवत होते. दोन्ही स्पीकरांवरचे निळे दिवे निवांत तेवत होते. चालू केले, पुन्हा बंद केले, तरी प्लगमधून नेहमीचा ‘टिक्’ असा आवाज काही आला नाही. शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्लगच्या पाठीवर हलकेच टकटक केली, तेव्हा आत काहीतरी सुटल्याचा आवाज झाला आणि दिवे विझले. प्लगमधल्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले होते.

प्लग भिंतीतून काढून उघडला आणि रिलेचे आवरण कापून भिंगाखाली पाहिले. एका बिंदूवर मोहरीपेक्षाही लहान असा धातूचा उंचवटा तयार झाला होता आणि समोरच्या बिंदूवर तेवढाच खड्डा पडला होता. प्लगवर ‘१६ अँपिअर’ असे ठसठशीत छापलेले आहे. पण तो आकडा हीटरसारख्या निव्वळ रोधकी भारासाठी असतो, हे विक्रेत्याच्या पानावर कुठेही लिहिलेले नव्हते. माझ्या स्पीकरांमध्ये प्रत्येकी एक टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागे मोठे कपॅसिटर आहेत, आणि दोन्ही स्पीकर एकाच प्लगवर होते. नुसते चालू असताना जोडी जेमतेम १८ वॉट घेते, तरी चालू होण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत ती कितीतरी पट जास्त प्रवाह ओढते. संपर्क मिटताना किंचित उसळतात, आणि नेमक्या त्याच वेळी हा इनरश (सुरुवातीचा प्रवाहाचा लोंढा) येत असल्यामुळे ठिणगी पडून धातू वितळतो.

यावर मला सुचलेला पहिला उपाय चुकीचा निघाला, आणि तो का चुकला हे समजण्यातच माझा सगळा आठवडा गेला. संपर्कच नसतील तर चिकटणार काय, असा विचार करून मी झिरो-क्रॉसिंग प्रकारचा एसएसआर, म्हणजे हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले, बसवला. व्होल्टेज शून्यावर असताना जोडणी झाली की धक्का बसणार नाही, असा माझा समज होता. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी ट्रान्सफॉर्मरमधून ‘घुम्म’ असा दणका येऊ लागला आणि चौथ्या दिवशी एमसीबी पडला. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर उलगडा झाला. थेट कपॅसिटर भरायचे असतील तर शून्याचा क्षण उत्तम असतो, पण ट्रान्सफॉर्मरसाठी तोच सर्वांत वाईट असतो. गाभ्यातला चुंबकीय प्रवाह हा व्होल्टेजच्या बेरजेतून वाढत जातो; त्यामुळे शून्यापासून सुरुवात केली तर पहिल्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे ५० हर्ट्झवर १० मिलिसेकंदांत, तो नेहमीच्या कमाल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट व्हायला पाहतो. गाभा संपृक्त होतो आणि मग प्रवाहाला अडवायला तारेच्या रोधाशिवाय काहीच उरत नाही. टोरॉइडच्या गाभ्यात हवेची फट नसल्यामुळे मागच्या वेळचे चुंबकत्वही त्यात जास्त शिल्लक राहते, आणि ते उलट्या नशिबाने त्याच दिशेचे असले तर बघायलाच नको. म्हणजे साध्या रिलेला कधीकधी तरी चांगला क्षण सापडत होता. मी मात्र पैसे खर्चून दर वेळी वाईट क्षणाचीच हमी विकत घेतली होती. शिवाय एसएसआर बंद असतानाही त्याच्या स्नबरमधून (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या मंडलातून) थोडा प्रवाह झिरपत असतो, ही वेगळीच कटकट. तो आता खोक्यात परत गेला आहे.

सध्या डाव्या स्पीकरवर सॉफ्ट-स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा प्रवाह आवरणारी जोडणी, बसवला आहे. मुख्य रिलेच्या पुढे ४७ ओहमचा, पांढऱ्या सिमेंटच्या आवरणातला तारेचा रोधक असून अर्ध्या सेकंदाने दुसरा रिले त्याला बायपास करतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्टचे असते, त्यामुळे काहीही झाले तरी पहिला झटका सात अँपिअरच्या आतच राहतो. एनटीसी, म्हणजे तापला की रोध कमी होणारा रोधक, वापरण्याचा मोह झाला होता. परंतु गाणे थांबवून लगेच पुन्हा लावले तर गरम एनटीसी काहीच अडवत नाही, आणि आमच्या घरी ‘जरा थांबव, आता लाव’ हा प्रकार रोजचाच आहे. बायपासचा तर्क मी मुद्दाम ईएसपीहोममध्ये, म्हणजे या सॉफ्ट-स्टार्टच्या डब्यातल्या बोर्डवरच ठेवला आहे. तो होम असिस्टंटवर सोपवला असता आणि वायफाय ऐन वेळी गेले असते, तर रोधक मंडलातच अडकून तापत राहिला असता. त्याच्या अंगाला थर्मल फ्यूजही (फार तापले की मंडल तोडणारा) बांधला आहे, आणि ज्याला हा डबा करायचा असेल त्याने तो फ्यूज कृपया वगळू नये.

दोन्ही स्पीकरांसाठी एकच डबा करायचा, असा बेत हे लिहायला बसेपर्यंत होता. आता वाटते की प्रत्येक स्पीकरमागे स्वतंत्र डबा ठेवावा आणि स्क्रिप्टने डावा लागल्यावर दोन सेकंदांनी उजवा लावावा. प्रत्येक रिलेवरचा भार निम्मा होईल आणि खोलीभर पसरलेली ती एक्स्टेंशनची वायरही जाईल. क्रम मात्र जुनाच राहील : लावताना आधी डॅक (डिजिटल गाण्याचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे यंत्र) आणि दहा सेकंदांनी स्पीकर, बंद करताना आधी स्पीकर आणि मग डॅक. क्रम चुकला की ‘ठप्प’ हा आवाज आलाच. वीज जाऊन परत आल्यावर सर्व रिले बंदच राहतील, हेही बोर्डवर पक्के केले आहे.

या गोंधळातून एक गोष्ट मात्र मनासारखी जमली. प्लगची स्थिती ‘बंद’ असताना वीजमापक दहा सेकंद सलग पाच वॉटच्या वर राहिले, तर फोनवर सूचना यावी, असा टेम्प्लेट सेन्सर मी केला आहे. तपासण्यासाठी तोच चिकटका रिले पुन्हा प्लगमध्ये बसवला. तिसऱ्या दिवशी तो इमानाने चिकटला आणि अकराव्या सेकंदाला फोन वाजला. गाणे थांबल्यावर दहा मिनिटांनी बंद करणारे ऑटोमेशनही ‘फॉर’वरून (स्थिती अमुक वेळ टिकली की चालणाऱ्या अटीवरून) टायमर हेल्परवर नेले आहे, कारण होम असिस्टंट मध्येच रीस्टार्ट झाले की ‘फॉर’ची मोजणी पुसली जात होती.

डावा स्पीकर आतापर्यंत १४० वेळा चालू-बंद करून झाला आहे आणि ‘घुम्म’ एकदाही ऐकू आलेले नाही. उजव्याचे रिले अजून यायचे आहेत; या वेळी चांदी-टिन ऑक्साइडच्या संपर्कांचे मागवले आहेत. ते येईपर्यंत उजवा स्पीकर मी उठून हाताने लावतो.