सही जुळत नाही

क्लिअरिंगला बसलं की स्क्रीनवर एका बाजूला चेकचा फोटो, दुसऱ्या बाजूला खातेदाराची नमुना सही आणि हाताशी काही सेकंद. जुळली तर पास, नाही तर कारण नंबर 12 : ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’. नाशिकरोडला हे काम मी 14 वर्षं करतेय. सह्यांच्या बाबतीत आपली नजर पक्की, असा माझा समज होता.

गेल्या वर्षी एका काकांचा सोसायटी मेंटेनन्सचा चेक मी परत पाठवला. दुसऱ्या दिवशी काका काउंटरवर हजर. करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले, नोकरीभर छपाईतल्या चुका धरलेल्या. “मॅडम, माझी सही मलाच येत नाही म्हणता?” खरं सांगायचं तर मला मुलाचा संशय आला होता. पेन्शनच्या खात्यात पोरं काय काय करतात ते आम्ही रोज बघतो.

कोऱ्या कागदावर पाच सह्या करायला लावल्या. पहिली बरी. पुढच्या प्रत्येकीत नाव ठीक, पण आडनावापर्यंत अक्षरं मुंगीएवढी. पाचवीत शेवटचा काना नुसता ठिपका. 2009च्या कार्डावर हीच सही चौकटीबाहेर गेलेली, खाली झोकदार रेघ. हात अजिबात थरथरत नव्हता. परत जाताना उजवा हात नुसता लोंबत होता, हे मला फार नंतर आठवलं.

साहेब म्हणाले, नवीन सही घ्या, विषय संपवा. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला फॉर्म आहे, त्यामुळे कुणाला प्रश्न पडत नाही. काका मात्र चिडून निघून गेले होते.

दोन महिन्यांनी मुलगा आला. तोच, संशयातला. न्यूरॉलॉजिस्टने वडिलांच्या जुन्या सह्या मागितल्या होत्या. पार्किन्सन. मेंदूतलं डोपामीन घटतं तसं अक्षर बारीक होत जातं, कधी कधी कंप सुरू व्हायच्या आधीच. नुसत्या अक्षरावरून निदान होत नाही, पण दुखणं साधारण कधीपासूनचं याचा अंदाज येतो.

रीतसर अर्ज घेऊन जुन्या चेकचे फोटो काढले, ओळीने लावले. 2020पासून सही आखडत आलेली, प्रत्येक चेकवर आदल्यापेक्षा जराशीच. आणि बहुतेकांवर पास करणारीचा आयडी माझा. मी नमुन्याशी नाही, मागच्या महिन्याच्या आठवणीशी ताडून बघत होते.

जेम्स पार्किन्सनने 1817 साली या आजारावर लिहिलं, तेव्हा त्याने वर्णन केलेल्यांतले काही जण त्याला नुसते रस्त्यात दिसलेले होते. माझ्यासमोर तर चेक यायचे.

आता नवी नमुना सही. गोळीचा अंमल असताना अक्षर मोठं येतं, उतरला की पुन्हा मुंगी. म्हणून काका गोळी घेऊन 11 वाजता आले. अंगठ्याची सोय आहे म्हटलं, तर म्हणाले, “जन्मभर नोटांवरच्या गव्हर्नरच्या सह्या तपासल्या, अन् आता अंगठा लावू?”

मुलगा म्हणाला, रेघा आखलेल्या असल्या की त्यांना जमतं. मी कार्डाच्या चौकटीत पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. त्यांच्यामध्ये काकांनी सही केली, थेट 2009ची. शाई वाळल्यावर रेघा खोडल्या, कार्ड स्कॅन केलं.

चेकवर रेघा नसतात. मेंटेनन्सचा चेक पाच तारखेच्या आसपास येतो.